वार्धक्यजन्य श्रवणऱ्हास

वाढत्या वयाबरोबर दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता हळूहळू आणि बहुधा सारख्याच प्रमाणात कमी होत जाते, त्या अवस्थेला वार्धक्यजन्य श्रवणऱ्हास किंवा प्रेस्बिक्यूसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या दर चारांपैकी एकाहून अधिक व्यक्तींना रोजच्या व्यवहारात अडथळा यावा इतका श्रवणदोष असतो.

या ऱ्हासाचे मूळ बहुतेकदा अंतर्कर्णात, गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या कॉक्लियात असते. तेथील सुमारे १५,००० केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंना कळणाऱ्या संकेतांत रूपांतर करतात; माणसात एकदा नष्ट झालेली केशपेशी पुन्हा तयार होत नाही. वेटोळ्याच्या बुडाशी असलेल्या पेशी उच्च कंप्रतेचे, म्हणजे वरच्या पट्टीतले, ध्वनी टिपतात आणि झीज प्रथम त्यांचीच होते. याशिवाय श्रवणतंत्रिकेतील तंतू कमी होणे आणि कॉक्लियाला ऊर्जा पुरवणारी ऊती क्षीण होणे हीही कारणे असतात. प्रत्यक्ष रुग्णात ती बहुधा एकमेकांत मिसळलेली आढळतात.

उच्च कंप्रता आधी जाते, याचा परिणाम बोलणे समजण्यावर होतो. स्वर खालच्या कंप्रतेचे व जोरकस असल्यामुळे ऐकू येत राहतात. स, श, थ, ख यांसारख्या व्यंजनांचा क्षीण, वरच्या पट्टीतला भाग मात्र हरवतो. त्यामुळे ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत गोंधळ होतो, नातवंडांचे बोलणे पुरुषी आवाजापेक्षा कठीण जाते, आणि शांत खोलीत नीट संवाद करणारी व्यक्ती लग्नाच्या मांडवात गप्प बसते. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही रुग्णाची तक्रार म्हणूनच शब्दशः खरी असते. शिवाय हळू आवाज न ऐकू येणाऱ्या कानाला थोडासा मोठा आवाजही एकदम असह्य होतो. ‘जरा मोठ्याने बोल’ आणि पाठोपाठ ‘ओरडतोस कशाला?’ या दोन वाक्यांतली विसंगती या गुणधर्मातून येते. म्हातारे माणूस सोयीचे तेवढेच ऐकते, हा घरोघरचा आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

केवळ वयच याला जबाबदार आहे काय, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकी कर्णतज्ज्ञ सॅम्युएल रोझेन यांनी १९६२ मध्ये तत्कालीन सुदानमधील (आजच्या दक्षिण सुदानमधील) माबान लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोंगाटापासून दूर राहणाऱ्या या समाजातील वृद्धांचे कान विलक्षण चांगले आढळले. मात्र त्यांचा रक्तदाबही वाढत्या वयात फारसा चढत नव्हता, त्यामुळे सारे श्रेय शांततेला देता येत नाही. आनुवंशिकता, मधुमेह, धूम्रपान, अमिकासिनसारखी काही औषधे यांचाही वाटा असतो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागांवर आयुष्य घालवलेल्या कामगाराच्या बाबतीत वयाची झीज आणि मागाच्या खडखडाटाची झीज वेगळी काढणे अवघड असते.

कानात साठलेल्या मळानेही ऐकू कमी येते आणि तो काढताच सुधारते; म्हणून आधी कान तपासून मग ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्राने श्रवणचाचणी, करतात. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ते वार्धक्य समजून थांबू नये. त्यावरील उपचार काही दिवसांच्या आतच सुरू व्हावे लागतात.

झीज भरून काढणारे औषध उपलब्ध नाही. श्रवणयंत्र हा मुख्य उपाय असून ते प्रत्येकाच्या चाचणीनुसार जुळवावे लागते. मेंदूला नव्या आवाजांची सवय होण्यास काही आठवडे ते महिने लागतात. तेवढा धीर न धरल्याने अनेक यंत्रे कपाटात पडून राहतात. यंत्राने भागत नसेल, तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे श्रवणतंत्रिकेला थेट विद्युत संकेत देणारे, शस्त्रक्रियेने बसवायचे उपकरण, सत्तरीनंतरही बसवता येते. स्मृतिभ्रंशाशी या दोषाचा संबंध दिसून आला आहे; तथापि अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत श्रवणयंत्रांमुळे बौद्धिक घसरण मंदावल्याचे केवळ अधिक जोखीम असलेल्या गटातच आढळले. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरजू ज्येष्ठांना श्रवणयंत्रे मिळतात, तर महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना सहाय्यक साधनांसाठी ३,००० रुपये दिले जातात; जुळवून घ्यावयाच्या डिजिटल यंत्राच्या किमतीपुढे ही रक्कम तोकडीच आहे.

घरातल्यांनी दूरदर्शन संच बंद करून, समोर बसून, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलावे. न कळलेले वाक्य तसेच ओरडून सांगण्यापेक्षा शब्द बदलावेत: ‘साठ रुपये’ कळले नाहीत, तर ‘पन्नासची एक नोट आणि वर दहा’.