न केलेल्या कामांचा झाडा : ख्रिस्ती न्यायदिनाची पार्श्वभूमी

कॅथलिक उपासना-वर्षाचा शेवटचा रविवार नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो. दर तीन वर्षांनी त्या दिवशी पुण्याच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये आणि क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्ये बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातली 25 व्या अध्यायातली 31 ते 46 ही वचने वाचली जातात. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो, तसा अखेरच्या न्यायाच्या दिवशी प्रभू सर्व राष्ट्रांना वेगळे करील. दिवसभर सगळा कळप एकत्र चरतो, वाटणी होते ती संध्याकाळी. रानात उतरलेले धनगरांचे वाडे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

त्या उताऱ्यातले आरोप एकेक करून वाचावेत. खून, चोरी, खोटी साक्ष यांतले काहीच तिथे नाही. भुकेल्याला खायला दिले नाही, तान्हेल्याला पाणी पाजले नाही, परक्याला घरात घेतले नाही, उघड्याला वस्त्र दिले नाही, आजाऱ्याकडे आणि बंदिवानाकडे फिरकला नाहीत. सहाच्या सहा आरोप न केलेल्या कामांचे आहेत. त्याच्या आधीच्या दृष्टान्तात धनी तीन चाकरांकडे पैसे सोपवून जातो. त्यातला तिसरा चाकरही एक पैसा खात नाही. धन्याने दिलेला एक तालांत जमिनीत पुरतो आणि जसाच्या तसा परत करतो. तालांत हे वजन. चांदीचा एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार, आणि एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ 20 वर्षांची कमाई. ‘बिचाऱ्याला एकच मिळाला’ असे प्रवचनांत ऐकू येते, ते बरोबर नाही. त्याच्याकडे भरपूर होते, त्याने ते कामाला लावले नाही.

या विचाराचे मूळ बरेच जुने आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात इस्राएली लोक परमेश्वराच्या दिवसाची वाट पाहत होते. त्या दिवशी शत्रूंचा निकाल लागेल असे त्यांना वाटे. आमोस संदेष्ट्याने त्यांना सांगितले, तो दिवस तुमच्यासाठी प्रकाशाचा नाही, अंधाराचा आहे. कारणही बाजारातले दिले : धान्याचे माप लहान, चांदी तोलायचे वजन मोठे, आणि गव्हात भूस. मापात पाप! न्याय परक्यांच्या दारातून उचलून त्याने आपल्याच दारात आणून ठेवला.

येशूचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथच्या लोकांना लिहिताना ‘न्यायासन’ म्हटले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे खरीखुरी जागा होती. भर चौकात दगडी चौथरा, ‘बेमा’. त्याचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. रोमन प्रांताधिकारी गल्लियो याच्यापुढे इ. स. 51 च्या सुमारास पौल स्वतः आरोपी म्हणून उभा राहिला होता. न्याय बंद खोलीत नव्हे, चारचौघांत उजेडात होतो, हा अर्थ त्या शब्दातच आहे.

381 च्या मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत, ‘जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करावयास तो पुन्हा येईल’ हा विश्वास नोंदला गेला. मृत्यूनंतर लगेच होणारा व्यक्तिगत न्याय बाराव्या बेनेडिक्ट पोपनी 1336 मध्ये स्पष्ट केला. तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासाने की कृत्यांनी, यावर सोळाव्या शतकात चर्च फुटले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांतल्या लुथरन मंडळ्यांनी त्यातल्या मुख्य मुद्द्यांवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. न्यायदिनाची तारीख काढण्याचा नादही अधूनमधून उफाळला. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली आणि त्यांची घोर निराशा झाली. ‘तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही’ हे मत्तयच्या आदल्याच अध्यायात आहे.

मराठीत अडचण वेगळी आहे. चित्रगुप्ताची वही आपल्या बोलण्यात इतकी मुरलेली आहे, की न्यायदिन म्हणजे पापपुण्याची वजाबाकी असे सहज वाटते. ख्रिस्ती श्रद्धेत न्यायाधीश तोच, जो आरोपीसाठी आधी वधस्तंभावर गेला. चांगली कृत्ये ही तारणाची किंमत नव्हे, विश्वास जिवंत असल्याची खूण. कृत्यांवाचून विश्वास निर्जीव, असे बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो ते याच अर्थाने. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 भुकेल्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते. केडगावच्या शेतावर मुक्ती मिशन उभे राहिले. मत्तयच्या यादीतली पहिली ओळ तिथे रोजच्या भाकरीत उतरली.

रोजच्या उपासनेतही हाच क्रम टिकला आहे. 1552 च्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, प्रार्थनापुस्तकातल्या पापांगीकारात जे करायला हवे होते ते केले नाही हे आधी येते, जे करू नये ते केले हे नंतर. पुण्याच्या गुरुवार पेठेतले पंचहौदचे चर्च याच परंपरेत उभे राहिले. जेसुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली आत्मपरीक्षणाची रीत पाच पायऱ्यांची : दिवसाबद्दल आभार, स्वतःकडे खरे पाहता यावे म्हणून प्रकाशाची मागणी, उठल्यापासूनच्या तासांची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे पुरतात. आभाराची पायरी गाळली की उरते ती चुकांची जंत्री, आणि माणूस महिन्याभरात खचून सोडून देतो. उजळणीत रागाचे शब्द चटकन आठवतात. न उचललेला फोन, टाळलेली दवाखान्यातली भेट आठवत नाही. म्हणून प्रत्येक तासाला ‘कोण भेटले?’ हे आधी विचारावे, ‘मी काय केले?’ हे मागाहून. निश्चय ‘चांगला वागेन’ असा ठेवला तर सकाळपर्यंत विरतो. त्यात एका माणसाचे नाव आणि उद्याची वेळ हवी.