सिंफनी-संच संग्रह

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एखाद्या रचनाकाराच्या सर्व सिंफनींची (वाद्यवृंदासाठी रचलेल्या, बहुधा अनेक भागांच्या दीर्घ कृतींची) ध्वनिमुद्रणे, शक्यतो एकाच वाद्यवृंद-संचालकाची, मिळवून जपण्याचा छंद. बेथोव्हेन (९ सिंफनी), ब्राम्स (४), ब्रुकनर, मालर, सिबेलियस (७) व शोस्ताकोविच (१५) यांचे संच विशेष जमविले जातात.

पहिला संपूर्ण संच कोणता, याविषयी एकमत नाही. एक अखंड सिंफनी प्रथम केव्हा ध्वनिमुद्रित झाली, येथूनच मतभेद सुरू होतात. आर्टुर निकिश यांनी १९१३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेल्या बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीला हा मान दीर्घकाळ दिला गेला. तथापि फ्रीड्रिख कार्क यांचे त्याच कृतीचे ओडेऑन कंपनीचे मुद्रण सुमारे १९१० चे असल्याने तो दावा टिकत नाही. बेथोव्हेनच्या मृत्युशताब्दीला, १९२७ मध्ये, इंग्लंडातील कोलंबिया कंपनीने नऊही सिंफनी काढल्या, परंतु संचालक अनेक होते. फेलिक्स वाइनगार्टनर यांचा संच सामान्यतः पहिला एकसंचालकी संच समजला जातो. त्यातील सहावी सिंफनी मात्र १९२७ ची आणि उरलेल्या १९३३ ते १९३८ या काळातील, लंडन व व्हिएन्ना येथील निरनिराळ्या वाद्यवृंदांच्या आहेत. म्हणजे हा संच मागाहून जुळविलेला ठरतो. प्रारंभापासून एकत्र योजून, एकाच वाद्यवृंदाकडून वाजवून एकत्र विकलेला संच हा निकष लावल्यास हेर्बेर्ट फोन कारायान यांच्या बर्लिन संचाला (मुद्रण १९६१–६२, प्रकाशन १९६३, ८ तबकड्या) अग्रक्रम द्यावा लागतो, आणि हा निकष अधिक काटेकोर दिसतो.

‘संपूर्ण’ कशास म्हणावे, हा प्रश्न याहून बिकट आहे. मोझार्टची ३७ वी सिंफनी, आरंभीचा संथ भाग सोडता, मिखाएल हायडन यांची असल्याचे सिद्ध झाले आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा याचे अभंग मिसळले गेले, तशातलाच हा प्रकार. योझेफ हायडन यांच्या क्रमांकित सिंफनी १०४. परंतु ‘अ’ आणि ‘ब’ या दोन आरंभीच्या कृती धरल्यास संख्या वाढते. आंताल डोराती यांच्या संचात (१९६९–७२) त्या समाविष्ट आहेत. द्व्होर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी जुन्या तबकड्यांवर पाचवी, तर आज नववी म्हणून छापलेली आढळते. ब्रुकनरच्या तिसऱ्या सिंफनीचे १८७३, १८७७ व १८८९ असे तीन मुख्य पाठ आहेत. काटेकोर संग्राहक तिन्ही ठेवतो. मालरची अपूर्ण दहावी सिंफनी काही संचालक केवळ पहिल्या भागापुरती घेतात, काही डेरिक कुक यांच्या पूर्तीसह.

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांची असे. साध्या संचात पहिली व दुसरी बाजू एकाच तबकडीवर असते, तर आपोआप तबकड्या बदलणाऱ्या यंत्रासाठी काढलेल्या आठ तबकड्यांच्या संचात पहिली व सोळावी बाजू एकाच तबकडीवर येते. त्यामुळे सुट्या तबकड्या जमविताना दोन्ही जुळण्यांची सरमिसळ होऊन मधला एखादा भाग दोनदा येतो आणि दुसरा गळतो. खरेदीपूर्वी दोन्ही बाजूंचे क्रमांक पाहणे आवश्यक असते.

मराठवाड्याची श्रवणपरंपरा कीर्तन, भजन, कव्वाली व हिंदुस्थानी गायन यांची असल्याने येथे हा छंद मोजक्या घरांपुरता राहिला. खरेदीसाठी मुंबई गाठावी लागे. तेथील ‘रिदम हाउस’ हे जुने दुकान २०१६ मध्ये बंद झाले. परभणी-नांदेडकडील मे महिन्याचे तापमान विचारात घेता पत्र्याच्या खोलीत तिरक्या ठेवलेल्या एल.पी. (दीर्घ वादनाच्या) तबकड्या वाकतात, माळवदाच्या घरातील आतली खोली त्यांना मानवते, मात्र वाळवीपासून पुठ्ठ्याची वेष्टने जपावी लागतात. सीडीला उष्णतेचा त्रास त्यामानाने कमी होतो. इंटरनेटवरील संगीतसेवांमुळे संच घरबसल्या ऐकता येतात, परंतु तेथे ब्रुकनरचा पाठ कोणता हे पुष्कळदा दिलेले नसते आणि सीडीसोबतची माहितीपुस्तिका पाहावीच लागते.