पहिला महिना आणि उरलेले अकरा

वर्षाच्या आत दगावलेले मूल अर्भकमृत्यूत मोजतात आणि पाच वर्षांच्या आतले बालमृत्यूत, हे वाचक जाणतात. घोळ होतो तो त्या पहिल्या वर्षाच्या आतच. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या शहरांत इतकी अर्भके का दगावत, असे विचारले की 'बाळंतपणाची सोय नव्हती' हे एकच उत्तर पुन्हा पुन्हा दिले जाते, आणि ते निम्म्याहून अधिक चुकीचे आहे.

पहिल्या महिन्यातील मृत्यू मुख्यतः अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मजात दुर्बलता आणि प्रसूतीतील इजा यांमुळे होत. हजार जन्मांमागे ते सुमारे 40 असत आणि ऋतूनुसार फारसे हलत नसत.

उरलेल्या अकरा महिन्यांचे गणित निराळे होते. इंग्लंड आणि वेल्सचा अर्भक मृत्युदर 1910 मध्ये हजार जन्मांमागे 105 होता, 1911 मध्ये 130 झाला आणि 1912 मध्ये 95 वर उतरला. एवढ्यात सुइणी काही बदलल्या नव्हत्या. 1911 चा उन्हाळा कडक व कोरडा होता आणि 1912 चा थंड व पावसाळी. फरक पाडला तो अतिसाराने. घोड्यांच्या लिदीवर आणि टोपलीच्या संडासांत पोसलेल्या माश्या दुधाच्या भांड्यावर येऊन बसत. अंगावर पिणारी मुले त्यातून बरीचशी वाचत, वरच्या दुधावरची दगावत. त्या काळची एक बाटली तर लांब रबरी नळीची होती: मूल पाळण्यात पडल्या पडल्या चोखत राही, आणि नळीच्या आत साचलेले आंबट दूध कोणत्याही ब्रशने निघत नसे.

त्या वेळच्या काही अधिकाऱ्यांप्रमाणे आजही कोणी सारे खापर गिरणीत जाणाऱ्या आयांवर फोडतो, तेव्हा मला मनापासून चीड येते. बर्नली आणि प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या गावांत मृत्युदर जास्त होता हे खरे. पण डरहॅमच्या कोळसाखाणींच्या वस्त्यांतही तो जास्तच होता, आणि तिथे लग्न झालेल्या बायका क्वचितच मजुरीला जात. अनेक घरांना मिळून अंगणात एक नळ असताना बाटली रोज उकळायची कुठे, हा प्रश्न आईच्या अज्ञानाआधी विचारायला हवा.

उपायही म्हणूनच दोन दिशांचे होते. 1902 चा सुइणींचा कायदा प्रसूतीपुरता होता. इंग्लंडमधील सेंट हेलेन्स येथे 1899 साली उघडलेले, बाळांना निर्जंतुक दूध पुरवणारे दूधकेंद्र अतिसार रोखण्यासाठी होते. त्या वर्षी देशाचा दर 163 होता, आणि पुढे तो उतरला तो बहुतांशी या अकरा महिन्यांच्या रकान्यात.