घरच्या फायरवॉलला पेन ड्राइव्ह का पुरत नाही

ऑफिसातून निघालेला एखादा छोटा पीसी, त्याला दोन लॅन पोर्ट, त्यावर फुकट मिळणारं ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स हे सॉफ्टवेअर, एवढ्यात घरची फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून येणारं-जाणारं तपासून नको ते अडवणारं यंत्र, उभी राहते. इंदूरात सुदामानगर, लोकमान्यनगरकडच्या कितीतरी मराठी घरांत आता मुलगा-सून घरून काम करतात, दारावर कॅमेरे लागलेत, टीव्हीसुद्धा इंटरनेटवर आहे. तेव्हा इंटरनेट कंपनीच्या राउटरवर सगळं सोपवण्यापेक्षा असं यंत्र घरीच जुळवणं मला फार शहाणपणाचं वाटतं. सिल्व्हर मॉलमध्ये एक चक्कर मारली की रॅम, केबल वगैरे सामान जमतं. मग प्रश्न उरतो तो सिस्टीम टाकायची कशावर याचा. मूळ सिस्टीम दोन-चार जीबीत मावते म्हणून बरेचजण घरात पडलेला पेन ड्राइव्ह लावून मोकळे होतात.

जागेच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण फायरवॉल डिस्कवरून वाचते अगदी थोडं आणि लिहिते मात्र रात्रंदिवस. अडवलेल्या पॅकेटची (डेटाच्या पुडक्याची) नोंद, कोणत्या मोबाईलला कोणता पत्ता दिला त्याची नोंद, घरातून कोणत्या साइटची विचारणा झाली त्याची नोंद, शिवाय दर मिनिटाला पुढे सरकणारे आलेख. पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता, असेल तर बाहेरून दार ठोठावणारे स्कॅनर एक तास स्वस्थ बसू देत नाहीत, आणि ठोठावण्यागणिक लॉगमध्ये, म्हणजे या नोंदवहीत, एक ओळ पडते. सुरिकाटासारखी घुसखोरी ओळखणारी यंत्रणा चालू केली तर लिखाण आणखी वाढतं.

पेन ड्राइव्हमध्ये फ्लॅश मेमरी असते आणि तिचं दुखणं नेमकं लिहिण्यात आहे. तिच्या प्रत्येक पेशीत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो, आणि त्याभोवती काही नॅनोमीटर जाडीचा निरोधक थर असतो. लिहिताना आणि पुसताना सुमारे २० व्होल्टचा दाब देऊन इलेक्ट्रॉन त्या थरातून आरपार ढकलले जातात. दर खेपेला थर किंचित झिजतो आणि शेवटी भार धरून ठेवू शकत नाही. एका पेशीत एकच बिट ठेवणारी एसएलसी जवळपास १ लाख वेळा पुसणं-लिहिणं सोसते. तीन बिट ठेवणाऱ्या टीएलसीला भाराच्या ८ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, त्यामुळे थोडी गळतीही तिला महागात पडते आणि तिचं आयुष्य साधारण १ ते ३ हजार खेपांचं. चार बिटांच्या क्यूएलसीचं त्याहून कमी.

दुसरी अडचण रचनेतच आहे. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा आज सर्वत्र वापरला जाणारा नँड प्रकार. पेशी एकेक न पुसता गठ्ठ्याने पुसायच्या, ही त्यातली मुख्य युक्ती. तिच्यामुळेच ही मेमरी स्वस्त झाली. पण पाटीवरचं एक अक्षर बदलायला अख्खी पाटी पुसावी लागते, तशी तिची गत आहे. लिहिताना निदान काही केबींचं एक पान भरावं लागतं आणि पुसायचा गठ्ठा तर कित्येक एमबींचा असतो. लॉगची ओळ २०० बाइटची असली तरी आत होणारं लिखाण तिच्या कितीतरी पट असतं.

ही झीज सगळ्या पेशींवर सारखी वाटून देण्याचं काम कंट्रोलर नावाची चिप करते. चांगल्या एसएसडीत (कॉम्प्युटरच्या फ्लॅश डिस्कमध्ये) ती हुशार असते, पेन ड्राइव्हमध्ये बहुधा अगदी साधी. पेन ड्राइव्ह बनवणारे तो किती लिखाण सोसेल ते सहसा छापतही नाहीत, म्हणून कायमच्या कामासाठी मी तो बादच करतो. इन्स्टॉल करायला खुशाल वापरावा. गाडीतल्या डॅशकॅमसाठी विकली जाणारी टिकाऊ मेमरी कार्डं त्यापेक्षा बरी, पण ती सलग व्हिडिओ लिहिण्यासाठी घडवलेली असतात, बारीकसारीक नोंदींसाठी नाहीत.

जुनी मंडळी सांगतात की त्यांची फायरवॉल सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्डावर वर्षानुवर्षं चालली. ते खरंच आहे. पीएफसेन्सची तेव्हा नॅनोबीएसडी नावाची वेगळी आवृत्ती होती. ती कार्ड फक्त वाचण्यापुरतं उघडायची आणि लॉग रॅममध्ये ठेवायची. २०१७ च्या २.४ आवृत्तीपासून ती बंद झाली. आजची सिस्टीम त्याच कार्डावर टाकून तेवढ्याच आयुष्याची आशा धरू नये.

मग घ्यावं काय? माझ्या मते १२० जीबीच्या आसपासची, ओळखीच्या कंपनीची टीएलसी एसएसडी. वेगाकडे बघू नका, फायरवॉलला तो लागतच नाही. बघायचा तो टीबीडब्ल्यूचा आकडा, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिखाणाची हमी आहे. साध्या एसएसडीवर ४० टीबीची हमी छापलेली असली आणि फायरवॉल रोज १० जीबी लिहीत असली, तर वर्षाचे ३.६५ टीबी होतात, म्हणजे जवळपास ११ वर्षं झाली. जागा गरजेपेक्षा बरीच मोठी घेण्याचं कारणही हेच. रिकाम्या पेशी झीज वाटून घेतात.

रोजचा आकडा अंदाजाने धरू नये, तो मोजता येतो. एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) एसएसडी असेल तर स्मार्टसीटीएल ही आज्ञा ‘डेटा युनिट्स रिटन’ अशी ओळ दाखवते. एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट. आज आकडा टिपून ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा, फरकाला ५२ ने गुणलं की वर्षाचा खर्च हातात येतो. तो जास्त वाटला तर सेटिंगमध्ये जाऊन लॉग रॅम डिस्कवर, म्हणजे डिस्कसारख्या वापरलेल्या रॅमच्या तुकड्यावर, घ्यावेत. वीज गेली की ते लॉग जातात, म्हणून ते हवेच असतील तर सिसलॉगने (लॉग नेटवर्कवरून पाठवायच्या सोयीने) घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवावेत. झेडएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) साचलेलं लिखाण मुळात दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरवते, ते अंतरही वाढवता येतं.

तरीही मी झेडएफएसच निवडीन, कारण वीज. पावसाळ्यात माळव्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल सिस्टीम बिघडते. झेडएफएस जुन्या माहितीवर लिहीत नाही, नवी प्रत पूर्ण झाल्यावरच जुनी सोडते. पण कोणती माहिती कोणत्या पेशींत आहे हा पत्त्यांचा तक्ता एसएसडीच्या आतच अर्धवट राहिला तर फाइल सिस्टीमचं काही चालत नाही, कधी आख्खी एसएसडीच ओळखली जात नाही. सर्व्हरच्या एसएसडी उघडल्या तर पट्टीवर कपॅसिटरची ओळ दिसते, ती त्या शेवटच्या क्षणापुरती वीज पुरवते. घरी तेवढा खर्च नको असेल तर राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा. मात्र आपल्या पीसीला १२ व्होल्टच लागतात ना, आणि त्याचे अँपिअर यूपीएसला झेपतात ना, हे आधी अडॅप्टरवर वाचून घ्यावं.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि उष्णतेत पेशींतला भार लवकर गळतो. म्हणून हे यंत्र टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, फायरवॉलची सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलीत असते. ती उतरवून दुसरीकडे ठेवली, पासवर्डासह जपली, की एसएसडी गेली तरी नवी लावून फाइल परत चढवायची एवढंच काम उरतं.