जामनेरची गाडी टेबलावर

खानदेशातल्या माणसाला रेल्वेची छोटी, चालती मॉडेलं बांधायचा छंद लागला की त्याच्या डोळ्यांपुढे आधी भुसावळ उभं राहतं. तिथलं भलंमोठं यार्ड, लोकोशेड, विजेची इंजिनं, तापीचा पूल. हे सगळं टेबलावर आणायची इच्छा होणं अगदी साहजिक आहे. तरी पहिल्याच फटक्यात भुसावळला हात घालू नये, असं मला ठामपणे वाटतं. सुरुवात करावी ती पाचोरा–जामनेर या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीपासून, जिला आपल्याकडे सगळे ‘पीजे’ म्हणतात. माझा तिच्यावर जीव आहे हे खरंच, पण त्याहून मोठं कारण गणितात आहे.

जगात सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्रमाण म्हणजे एचओ, 1:87. खऱ्या वस्तूचे 87 मीटर म्हणजे मॉडेलवर 1 मीटर. या प्रमाणातल्या तयार रुळांमधलं अंतर 16.5 मिमी असतं. त्याला 87 नं गुणलं की 1435 मिमी येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज मात्र 1676 मिमीचा. तो 1:87 मध्ये 19.3 मिमी व्हायला हवा आणि तसा रूळ दुकानात मिळत नाही. त्यामुळे तयार रुळांवर भारतीय गाडी ठेवली की ती खालून अरुंद आणि वरून रुंद दिसते. बहुतेक छंदिष्ट हे चालवून घेतात. आता पीजेचा 762 मिमी गेज घ्या. 87 नं भागला की 8.8 मिमी. एन या छोट्या प्रमाणाचे रूळ 9 मिमीचे असतात आणि ते सहज मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला तो कळत नाही. म्हणून इंजिनाचा सांगाडा आणि मोटर एन मापाची घ्यायची आणि त्यावर डबे, इंजिनाची बॉडी, स्टेशन, माणसं, झाडं सगळं 1:87 मध्ये बांधायचं. नॅरोगेजसाठी स्लीपर लांब आणि विरळ असलेले 9 मिमीचे रूळही मिळतात. तेच घ्यावेत, कारण साध्या एन रुळांचे बारीक, दाट स्लीपर लगेच खटकतात.

वळणांचं गणित तर याहून बोलकं आहे. ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या 175 मीटर धरतात. 1:87 मध्ये ती 2 मीटर होते, म्हणजे एक पूर्ण फेरा घालायला 4 मीटर रुंदीची खोली लागेल. बाजारातली एचओची वळणं 45 सेंटिमीटरच्या आसपास असतात. खऱ्या जगात ती 39 मीटरची झाली, आणि अशा वळणावर लांब डबे कोपऱ्यांतून बाहेर झुकतात. 762 मिमी नॅरोगेजला मात्र 44 मीटर त्रिज्येपर्यंत वळण चालतं. त्याचे मॉडेलवर होतात 50 सेंटिमीटर! म्हणजे घरातल्या टेबलावर तुम्ही खोटेपणा न करता खरं वळण घालू शकता. लांबीचंही तसंच. आजच्या लांब एलएचबी बनावटीच्या 22 डब्यांची एक्सप्रेस 1:87 मध्ये जवळपास 6 मीटर लांब होते. पीजे ही मोजक्या, आखूड डब्यांची गाडी होती.

पीजे गोल फिरत नव्हती, 56 किलोमीटर जाऊन परत येत होती. तुम्हीही गोल फेऱ्याचा हट्ट सोडा. भिंतीलगत 30 सेंटिमीटर रुंद, 2 मीटर लांब फळी घ्या. तेवढ्यात 174 मीटर जागा बसते, एका लहान स्टेशनाला ती पुरते. शेवटच्या स्टेशनात एक लूप, म्हणजे बाजूचा रूळ, आणि गाडीला त्यावर वळवणारे दोन सांधे टाका, म्हणजे इंजिन सुटं करून बाजूच्या रुळानं मागे नेता येईल. हे शंटिंग करताना जो आनंद मिळतो, तो गाडी गोल गोल फिरताना बघण्यात नाही. खरेदीआधी पुण्याला कोथरूडमधलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय मात्र जरूर पाहून यावं. 1998 पासून ते सुरू आहे, आणि गाड्या चालताना पाहिल्या की प्रमाणाचा अंदाज डोळ्यांत बसतो.

वीजजोडणी सोपी आहे. दोन रूळ म्हणजे दोन तारा. 12 व्होल्टपर्यंतचा डीसी पुरवठा द्यायचा, व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो आणि धन-ऋण उलटं केलं की गाडी मागे जाते. डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांत कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या क्रमांकाचा हुकूम पाळतो. एकाच इंजिनाच्या मार्गाला तिची गरज नाही. लक्ष द्यायचं ते दोन गोष्टींकडे. रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी अजिबात नाही, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि त्याचा विद्युतरोध तांब्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून दर मीटरभर अंतरावर खालून तांब्याची तार डाखवावी. दुसरी गोष्ट उन्हाळा. आपल्याकडे हिवाळ्यातली 10 अंशांची रात्र आणि मे महिन्यातले 45 अंश यांत 2 मीटर रूळ एक मिलिमीटरहून जास्त वाढतो. रुळांच्या जोडांत केसभर फट ठेवली नाही, तर मे महिन्यात रूळ उचकटतो.

वजनाची गंमत वेगळीच आहे. लांबी 87 पट कमी झाली की घनफळ 87 × 87 × 87, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पट कमी होतं. या हिशोबानं भुसावळच्या 120 टनी इंजिनाचं मॉडेल जेमतेम 180 ग्रॅमचं भरेल, आणि छोटं नॅरोगेज इंजिन तर त्याहून किती तरी हलकं. एवढ्या वजनानं चाकं रुळावर नुसती फिरत राहतात आणि धूळ बसलेल्या जागी वीजही घेत नाहीत. म्हणून बॉडीच्या आत शिशाचे तुकडे चिकटवावे लागतात. आकार प्रमाणात उतरतो, भौतिकशास्त्राचे नियम उतरत नाहीत.

आता देखावा. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण आपली माती या कामात अडचणही करते आणि मदतही. पहिला मोह होतो शेतातली काळी माती आणून फळीवर थापायचा. तो टाळावा. या मातीतल्या चिकणमातीच्या थरांत पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसते. फळीवर पडलेली 2 मिलिमीटरची भेग म्हणजे 1:87 मध्ये 17 सेंटिमीटरची चर. शिवाय ही माती बेसाल्ट झिजून झालेली, आणि बेसाल्टमध्ये चुंबकाला चिकटणारं मॅग्नेटाइट असतं. त्याचे कण इंजिनाखालून मोटरच्या चुंबकाला जाऊन बसतात. तेव्हा थर्माकोल कापून उंचसखल भाग करावेत, वर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेलं पातळ कापड अंथरावं, काळपट तपकिरी रंग द्यावा आणि तो ओला असतानाच मातीची भुकटी चहाच्या गाळणीनं पातळ भुरभुरावी. त्याआधी भुकटीतून कागदात गुंडाळलेलं चुंबक चारपाच वेळा फिरवावं. कागदावर काळे कण किती जमतात, ते एकदा बघाच.

रुळाखालच्या खडीचा दाणा फार तर 65 मिमीचा. मॉडेलवर तो पाऊण मिलिमीटर होतो. क्रशरची बारीक कच चाळली की नेमका हा दाणा मिळतो, आणि तोही खऱ्या बेसाल्टचा. चुंबक इथेही फिरवावं. खडी पसरून झाली की फेविकॉल दुप्पट पाण्यात पातळ करून ड्रॉपरनं सोडतात. पण नुसतं सोडलं तर थेंब गोल होऊन कोरड्या धुळीवरून गडगडतो आणि दाणे सोबत नेतो. पृष्ठताणामुळे पाणी स्वतःलाच धरून बसतं. भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातला की ही पकड सैल होते, आणि द्रावण केशाकर्षणानं दाण्यांमधल्या फटींत आपोआप उतरतं.

शेतात काय लावायचं? कपाशी सोपी: घासणीचे सव्वा सेंटिमीटर उंचीचे हिरवे तुकडे ओळीनं लावले की झालं. केळीला मात्र चिकाटी लागते. झाड 3 सेंटिमीटरच्या आसपास, पान सुमारे 2 सेंटिमीटर, कागदाचं, मधे तांब्याची बारीक तार, आणि वाऱ्यानं फाटल्यासारख्या कडेला चिरा. या चिरा दिल्या नाहीत तर केळी केळीसारखी दिसत नाही. पुढच्या दोन ओळीच इतक्या बारकाईनं कराव्यात. रंग डब्यातल्यापेक्षा थोडे फिके वापरावेत, कारण 60 सेंटिमीटरवरून मॉडेल पाहणं म्हणजे खरं दृश्य 52 मीटरवरून पाहणं, आणि मधल्या हवेत रंग फिकटतो. मागच्या भिंतीवर अजिंठ्याचे डोंगर काढाल, तेव्हा ते निळसर राखाडीच ठेवा.

यातलं एक काम मात्र लवकर करायला हवं. 2020 च्या टाळेबंदीत पीजे थांबली, आणि मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याचं काम मंजूर झालेलं आहे. या मार्गावरच्या जुन्या खुणा दरवर्षी कमी होत जाणार. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, जिथे जे उरलं असेल त्याची मापं परवानगी घेऊन आत्ताच घ्यावीत. फोटो काढताना दर 10 सेंटिमीटरवर खूण केलेली काठी भिंतीला टेकवून ठेवावी, म्हणजे दारं-खिडक्यांची उंची नंतर फोटोवरून काढता येते. वहीत खरी मापंच लिहावीत, भागलेली नकोत. उद्या कुणाला हीच इमारत वेगळ्या प्रमाणात बांधायची झाली, तर तीच वही त्याच्या उपयोगी पडेल.