गेमिंग पीसीचं बजेट: सढळ हात कुठे, आखडता कुठे

पीसी असेंबल करून घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक मोबाइलमध्ये यादी तयार करूनच येतात. सगळ्यात वर महागडा प्रोसेसर, त्याखाली भरपूर पोर्ट असलेला मदरबोर्ड, मग तिन्ही बाजूंनी काच असलेलं कॅबिनेट, दिवे लागणारी रॅम आणि तळाशी उरल्यासुरल्या पैशांत बसेल ते ग्राफिक कार्ड. अशा यादीवर चांगली रक्कम खर्च होते आणि गेम मात्र मध्यम सेटिंगवरच खेळावा लागतो. तसं होऊ नये म्हणून हे पत्रक. ऑर्डर देण्याआधी निवांत वाचा, शंका असेल तिथे खूण करा आणि आम्हाला विचारा.

बजेट कमी पडलं की प्रत्येक भागातून थोडं थोडं कापण्याचा मोह होतो. तो आवरा. काही भागांत बिनधास्त कापता येतं, काहींना हातच लावायचा नसतो. कोणता भाग कुठे मोडतो हे एकदा कळलं की मर्यादित पैशांतही वरच्या दर्जाचा पीसी उभा राहतो.

सुरुवात मॉनिटरपासून

आमचा पहिला प्रश्न असतो, "खेळणार कुठल्या स्क्रीनवर?" फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. १४४०पी स्क्रीनवर ३६.९ लाख आणि ४केवर ८२.९ लाख. म्हणजे ४केसाठी कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये (एकामागोमाग दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्रात) फुल एचडीच्या चौपट ठिपके रंगवावे लागतात. वेगाचा हिशेबही तितकाच कडक आहे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. पुढचा सगळा खर्च पिक्सेल आणि फ्रेम या दोन आकड्यांवर ठरतो.

बजेट सांभाळून वरच्या दर्जाचं खेळायचं असेल तर आम्ही २७ इंची, १४४०पी, १४४ ते १८० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर सुचवतो. चित्र फुल एचडीपेक्षा डोळ्यांना जाणवेल इतकं रेखीव दिसतं आणि कार्डावरचा भार ४केच्या निम्म्याहूनही कमी राहतो. ४के मॉनिटर आधीच घरात असेल तर तो बदलायची गरज नाही. डीएलएसएस किंवा एफएसआर ही चित्र मोठं करणारी सोय क्वालिटी मोडवर ठेवली की गेम आतून १४४०पीमध्ये रंगवला जातो आणि मग ४केपर्यंत वाढवला जातो. बहुतेक गेममध्ये हा फरक खेळताना लक्षातही येत नाही. फ्रेम जनरेशनची गोष्ट वेगळी. त्यात मधल्या फ्रेम तयार करून घुसवल्या जातात, त्यामुळे आकडा वाढतो पण माउसला मिळणारा प्रतिसाद वाढत नाही, उलट थोडा मंदावतो. म्हणून कार्डाची तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद ठेवलेले आकडेच बघा.

२४० हर्ट्झचा मॉनिटर घेऊन कार्ड सेकंदाला ७० फ्रेमच काढत असेल तर उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ग्राफिक कार्ड: इथे हात सढळ ठेवा

मॉनिटर सोडून उरलेल्या बजेटपैकी ४० ते ५० टक्के रक्कम एकट्या कार्डावर जावी, असं आमचं ठाम मत आहे. गेममधलं चित्र कार्ड काढतं. त्याची उणीव दुसरा कुठलाही भाग भरून काढू शकत नाही.

कार्ड निवडताना चिपइतकंच महत्त्व त्याच्या स्वतःच्या मेमरीला, म्हणजे व्हीरॅमला द्या. १४४०पीवर नवे गेम वरच्या सेटिंगवर खेळायचे असतील तर १२ जीबी ही किमान पायरी समजा. १६ जीबी मिळत असेल तर चार-पाच वर्षं निश्चिंत राहता येईल. मेमरी कमी पडली की काय होतं ते ओळखायला शिका, कारण सरासरी एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम त्या) आकड्यात ते लपतं. तुम्ही गल्लीच्या वळणावर येता, समोरची भिंत आधी मेण फासल्यासारखी धुरकट दिसते आणि क्षणभराने तिच्यावरच्या विटा उमटतात. किंवा छान चाललेलं चित्र दर काही सेकंदांनी एक गचका खातं. कार्डाच्या मेमरीत न मावलेला माल पीसीच्या रॅममधून आणावा लागतो आणि ती वाट कितीतरी संथ असते. म्हणून परीक्षणं वाचताना सरासरीसोबत "१ टक्का लो", म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, हा आकडाही पाहा. गचके त्यातच सापडतात.

इथे एक सावधगिरी. एकाच नावाची कार्डं वेगवेगळ्या मेमरीत विकली जातात. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. आरटीएक्स ३०६०च्या ८ जीबी रूपात तर मेमरीचा मार्गही १९२ बिटवरून १२८ बिटवर आणलेला होता. खोक्यावरचं नाव वाचून थांबू नका, त्याखालची जीबीची ओळ वाचा.

उलट त्याच चिपचं तीन पंख्यांचं, दिव्यांचं, "ओसी" लिहिलेलं महाग मॉडेल घेऊ नका. कारखान्यातून वाढवून आलेल्या त्या वेगाने एफपीएस फार तर दोन-चार टक्क्यांनी वाढतो. तेवढे पैसे साठवून एक पायरी वरची चिप घेतलीत तर फरक खरोखर दिसेल.

प्रोसेसर: गरजेपुरता, पण विचार करून

प्रत्येक फ्रेमआधी प्रोसेसर गेमचा हिशेब मांडतो: कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे गेली, काय रंगवायचं. मग कार्ड रंगवतं. ४केवर कार्डालाच इतका वेळ लागतो की प्रोसेसर बहुतेक वेळ त्याची वाट बघत बसतो. तिथे चांगला सहा कोअरचा (एकाच वेळी काम करणाऱ्या सहा भागांचा) प्रोसेसर आणि त्याच्या दुप्पट किमतीचा प्रोसेसर यांत खेळताना फारसा फरक राहत नाही. फुल एचडीवर २४० फ्रेमची स्पर्धात्मक नेमबाजी खेळणाऱ्यांचं मात्र उलट आहे, त्यांना प्रोसेसरच आधी कमी पडतो.

तुम्ही कुठल्या गटात आहात ते घरच्या पीसीवरच तपासता येतं. आवडता गेम सुरू करा, एफपीएस बघा, मग फक्त रिझोल्युशन कमी करा. आकडा झरझर वाढला तर आजवर कार्ड कमी पडत होतं. आकडा तिथेच राहिला तर प्रोसेसर. ही पाच मिनिटांची चाचणी करून आलेल्या ग्राहकाचे पैसे आम्ही फार नेमके लावू शकतो.

गेमसाठी प्रोसेसर निवडताना कोअरची संख्या मोजण्यापेक्षा कॅशे, म्हणजे चिपवरचीच छोटी झटपट मेमरी, बघा. एएमडीने २०२२ मध्ये रायझेन ७ ५८००एक्स३डी आणला. ५८००एक्सच्या ३२ एमबी एल३ कॅशेऐवजी त्यात ९६ एमबी होती. घड्याळाचा वेग किंचित कमी असूनही गेममध्ये तो पुढे गेला, कारण गेमला वारंवार लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता चिपवरच मिळू लागली. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी याच वाटेने आले. बजेटमध्ये बसत असतील तर उत्तम. बसत नसतील तर साधा सहा किंवा आठ कोअरचा प्रोसेसर घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) तेच असेल तर एक्स३डी पुढे कधीही बसवता येतो.

मदरबोर्ड आणि रॅम

मदरबोर्डमुळे एफपीएस वाढत नाही. वीजपुरवठ्याच्या भागावर नीट हीटसिंक, एसएसडीसाठी दोन एम.२ जागा, हवी तेवढी यूएसबी आणि प्रोसेसर न लावता बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्याचं बटण एवढं असलं की मधल्या वर्गातला बी-मालिकेचा बोर्ड पुरतो. त्याहून महत्त्वाचं आहे ते सॉकेटचं आयुष्य. २०१६ मध्ये आलेल्या एएम४ सॉकेटमध्ये बायोस अपडेट करून २०२२चा ५८००एक्स३डी बसवता आला. जुने एएम४वाले आजही फक्त प्रोसेसर आणि कार्ड बदलून काम भागवू शकतात, नवा पीसी घेण्याआधी ते जरूर विचारा. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे.

रॅम ३२ जीबी, पण १६च्या दोन पट्ट्यांत. एकच ३२ची पट्टी घेतली की दोन चॅनेलपैकी एक रिकामं राहतं आणि प्रोसेसरला मिळणारी वाट निम्मी होते. बोर्डवर चार खाचा असतील तर पट्ट्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. एएम५साठी डीडीआर५-६००० सीएल३० (६००० हा वेग, सीएल म्हणजे प्रतिसादातला विलंब, कमी तितका बरा) ही जोडी आम्ही डोळे झाकून सुचवतो. ३६ किंवा ४० सीएलची स्वस्त मिळाली तरी बिघडत नाही, एक्स३डी प्रोसेसरला तर त्याचा फरक कमीच पडतो. मात्र नवी रॅम आपोआप ६०००वर धावत नाही. बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी ही रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग चालू करेपर्यंत ती बहुतेकदा ४८००वरच रेंगाळते. आम्ही ते चालू करून देतो. बायोस रीसेट केलंत तर ते पुन्हा बंद होतं, लक्षात ठेवा.

एसएमपीएस: इथे काटकसर नाही

सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या आग्रहावरून आम्ही चांगल्या कार्डासोबत कमी दर्जाचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लावून दिला. पीसी दिवसभर टेबलावर व्यवस्थित चालला. घरी मात्र गेममध्ये मोठा स्फोट झाला की स्क्रीन काळी आणि पीसी रीस्टार्ट. कार्ड तपासलं, रॅम बदलून पाहिली, विंडोज नव्याने टाकली. दोष निघाला एसएमपीएसमध्ये. ग्राहकाने मागितला होता हे खरं, पण नाही म्हणणं आमचं काम होतं. त्या दिवसापासून हलका एसएमपीएस आम्ही लावत नाही, ग्राहकाने आग्रह धरला तरीही.

घडतं ते असं. ३०० वॉटचं कार्ड क्षणभर, सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्यापुरतं, त्याच्या बरंच वर वीज खेचतं. साधा एसएमपीएस तो झटका म्हणजे बिघाड समजून बंद पडतो. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुपटीचा झटका सोसावा अशी अट आली. हिशेब सोपा आहे: कार्ड ३०० वॉट, प्रोसेसर १५०च्या आसपास, बाकी सगळं मिळून ५० ते ७५. बेरीज ५००च्या जवळ जाते, तिथे ७५० वॉटचा घ्या. खोक्यावरचा "गोल्ड" हा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो, आतल्या भागांचा दर्जा सांगत नाही. तो मॉडेलची तपशीलवार चाचणी वाचूनच कळतो.

दोन गोष्टी जिवापाड जपा. एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला कधीही लावू नका. टोक बसलं तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एका क्षणात एसएसडी किंवा बोर्ड जळतो. आणि कार्डाला वीज देणारा १६ पिनचा जोड पूर्ण आत गेला आहे ना, हे बोटाने दाबून आणि डोळ्यांनी बघून खात्री करा. अर्धवट बसलेला जोड तापून वितळल्याची उदाहरणं आहेत.

जिथे खुशाल वाचवा

एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) असावी, १ टीबीची तरी असावी, कारण १०० जीबीच्या पुढचे गेम आता नवलाचे राहिलेले नाहीत. पण चौथ्या पिढीची सेकंदाला ७००० एमबीची एसएसडी आणि तिसऱ्या पिढीची ३५००ची यांत गेम उघडण्याचा फरक जेमतेम एक-दोन सेकंदांचा असतो. पाचव्या पिढीवर पैसे घालू नका. क्यूएलसीऐवजी टीएलसी हा जास्त टिकाऊ मेमरीचा प्रकार असलेली घ्या.

कूलर दोन पंख्यांचा, दुहेरी टॉवरचा साधा हवेचा पुरे. १२० वॉटच्या प्रोसेसरला त्यापेक्षा जास्त लागत नाही, आणि पाण्याच्या कूलरसारखी पंप बंद पडण्याची किंवा पाणी गळण्याची काळजी नाही. कॅबिनेट समोरून जाळीचं हवं. समोर काच असेल तर पंख्यांना हवा ओढायला फक्त फटीच उरतात, आणि कार्ड स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत घेतं. पुढे दोन पंखे, मागे एक, एवढ्यावर काम भागतं. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापाशी आम्ही जुळवून देतो. बाहेरून घेणार असाल तर स्वतः मोजा.

वापरलेला प्रोसेसर घ्यायला हरकत नाही, सहसा तो चालतो किंवा अजिबात चालत नाही. वापरलेलं कार्ड समोर अर्धा तास भाराखाली चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून आणि वॉरंटी तपासूनच घ्या. वापरलेला एसएमपीएस घेऊ नका.

घरी नेल्यावर

नवा पीसी संथ वाटतो म्हणून येणाऱ्या फोनपैकी अनेकांचं उत्तर पीसीच्या पाठीमागे सापडतं. मॉनिटरची केबल वर, यूएसबीच्या शेजारी, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावलेली असते आणि कार्ड खाली रिकामं बसलेलं असतं. केबल खालच्या आडव्या पोर्टमध्ये, म्हणजे कार्डाच्या पाठीवर लावा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा बघा. १४४चा मॉनिटर तिथे कित्येकदा ६०वरच बसलेला असतो.

ऑर्डर द्यायला येताना जास्त खेळता त्या तीन-चार गेमची नावं, मॉनिटरचं मॉडेल आणि जुन्या पीसीच्या आतला उघड्या बाजूने काढलेला एक फोटो घेऊन या. जुनी एसएसडी, कॅबिनेट, पंखे यांतलं जे चालण्यासारखं असेल ते आम्ही नव्या पीसीत वापरतो आणि तेवढी रक्कम कार्डाकडे वळवतो.