कुलकर्णी : हुद्द्याचे आडनाव झाले त्याची पार्श्वभूमी

लग्नपत्रिकेत वर कुलकर्णी आणि वधूचे माहेरही कुलकर्णी असले, तरी मराठी वाचकाला त्यात वावगे वाटत नाही. गोत्र वेगळे आहे एवढी खात्री झाली की विषय संपतो. चित्पावनांमध्ये गोखले म्हटले की काश्यप गोत्र, असे बहुतेक आडनावांवरून लगेच सांगता येते. कुलकर्णी या आडनावावरून ना गोत्र कळते, ना शाखा, ना कुलदैवत, ना मूळ गाव. कारण हे कुळाचे नावच नाही. ते गावच्या हिशेबनिसाच्या हुद्द्याचे नाव आहे, आणि जितकी गावे तितके हुद्दे होते. दोन कुलकर्णी घराण्यांत रक्ताचे नाते असेलच असे नाही. असले, तर ते आडनावाखेरीज दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करावे लागते.

‘कुळ’ या शब्दाचा इथे वंशाशी संबंध नाही. महसुलाच्या भाषेत कुळ म्हणजे जमीन कसणारा आणि सारा भरणारा शेतकरी. कुळकायद्यातले कुळ तेच. ‘करण’ म्हणजे लेखन, हिशेब, आणि ते करणारा लेखनिक. कर्णिक, नाडकर्णी, आंध्रातले करणम हे सगळे याच ‘करणा’चे भाऊबंद. नाड म्हणजे प्रांत, त्याचा हिशेब ठेवणारा तो नाडकर्णी. गावातल्या प्रत्येक कुळाचा हिशेब ठेवणारा तो कुळकर्णी, आणि त्याच्या अधिकारपदाला जुन्या कागदांत ‘कुलकरण’ म्हणतात. ‘कुळाची करणी’ किंवा ‘कुळाचा कान’ असे अर्थ अधूनमधून सांगितले जातात, पण हुद्द्याच्या कामाशी त्यांचा मेळ बसत नाही. ‘कुळकर्णी’ आणि ‘कुलकर्णी’ यांतही भेद नाही. मोडी कागदांत दोन्ही रूपे सापडतात. छापील मराठीत ‘ल’ स्थिरावला, आणि काही घराण्यांनी ‘ळ’ आवर्जून जपला.

दख्खनच्या गावगाड्यात पाटील आणि कुलकर्णी ही जोडी होती. पाटलाकडे गावचा कारभार, वसुली आणि बंदोबस्त. कुलकर्ण्याकडे लेखणी. वरच्या पातळीवर, म्हणजे परगण्यात, हीच जोडी देशमुख आणि देशपांडे या नावांनी दिसते. देशपांड्याला जुन्या लेखांत ‘देशकुलकर्णी’ असेही म्हटलेले आढळते, आणि ते आडनाव आजही आहे. गावचा निवाडा झाला की त्याचा महजर, म्हणजे निवाडपत्र, लिहिला जाई. खाली पाटील आपली नांगराची निशाणी काढी, शेटे तराजूची. मजकूर ज्याच्या हातचा, त्याच्या नावाआधी ‘बिकलम’ असा शब्द येई आणि बहुतेक वेळा ते नाव गावच्या कुलकर्ण्याचे असे. जुना महजर वाचताना आधी तळाची ही ओळ पाहावी. गावचा कुलकर्णी त्या साली कोण होता हे तिथे नावानिशी मिळते.

काम वर्षभराचे होते. कुठल्या थळात, म्हणजे शिवारातल्या जमिनीच्या तुकड्यात, किती जमीन, ती कोणाकडे, याचा थळझाडा. कोणी काय पेरले याचे लावणीपत्रक. प्रत्येक कुळाकडून किती येणे, किती आले, किती राहिले याची वसूलबाकी. शिवाय गावखर्च, म्हणजे देवाचा उत्सव, फकिराचा खर्च, सरकारी माणसांचा शिधा, हे सारे गावावर वाटून टाकायचे. ही कागदपत्रे बोरूने मोडीत लिहीत आणि कापडी रुमालात बांधून ठेवत. असे रुमाल मिळून दप्तर होई, आणि ते चावडीत नसून बहुधा कुलकर्ण्याच्या घरीच असे. इथेच त्याच्या ताकदीचे आणि त्याच्याविरुद्धच्या रोषाचे मूळ आहे. कागद घरात, लिपी इतरांना न वाचता येणारी, आणि बाकीचा आकडा त्याच्या हातातला. शेतकऱ्याने भरलेली रक्कम नोंदलीच नाही, पावती दिलीच नाही, तर दाद मागायला दुसरा कागद नव्हता. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या लिखाणात गावच्या कुलकर्ण्यावर वारंवार टीका येते, ती या अनुभवावर उभी आहे. कुलकर्णी घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने हा भाग गाळू नये. तो गाळला की उरते ती केवळ वंशावळ.

मोबदला पगाराचा नव्हता. वतनाची इनाम जमीन, वसुलावर ठरावीक हक्क, कुळांकडून धान्य आणि मानपान अशी त्याची घडण होती. वतन वंशपरंपरेने चाले, वाटून घेता येई, गहाण पडे, विकलेही जाई. भाऊबंदकीत त्याचे तक्षिमदार, म्हणजे वाटेकरी, होत. निम्मी तक्षीम एका शाखेकडे, पाव पाव दोघांकडे, आणि प्रत्यक्ष काम पाळीने. काही ठिकाणी ज्योतिषाचे वतनही त्याच घरात असे आणि लोक ‘जोशी-कुलकर्णी’ म्हणत. वतन विकत घेतलेले घराणे पुढे तेवढेच ‘गावचे कुलकर्णी’ होई. म्हणून एकाच गावात दोन कुलकर्णी घराणी आणि दोघांची गोत्रे वेगळी, असे दिसले तर बुचकळ्यात पडण्याचे कारण नाही.

हा हुद्दा शिवकाळाच्या बराच आधीचा आहे. परंपरा सांगते की ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांकडे पैठणजवळच्या आपेगावचे कुलकर्णीपण होते. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४–१५५८) महसुली हिशेबात फारसीऐवजी देशी भाषा आणली, तेव्हा लेखणी चालवणाऱ्या स्थानिक घराण्यांचे महत्त्व वाढले. अफजलखानाचा वकील म्हणून १६५९ मध्ये प्रतापगडाशी नाव जोडले गेलेला कृष्णाजी भास्करही कुलकर्णीच. या काळात बहुतेक घराण्यांना हुद्द्याखेरीज स्वतःचे असे उपनाव असे. समर्थ रामदासांचे घराणे जांबचे. वतन कुलकर्ण्याचे, पण उपनाव ठोसर. अशी असंख्य उपनावे पुढे हुद्द्याखाली दबून गेली.

ती दबली ती बहुतांशी एकोणिसाव्या शतकात. त्याआधी माणसाची ओळख प्रसंगाप्रमाणे बदले. गावात तो कुलकर्णी, सोयरिकीत ठोसर किंवा आणखी काही, परगावी गेला तर गावाच्या नावाला ‘कर’ जोडून. इंग्रजी अमलात शाळेचा दाखला, कोर्टातला दावा, सरकारी नोकरीची नोंद या सगळ्यांना एकच कायम आडनाव हवे होते. कुलकर्णी घरातली मुले लिहिणारी-वाचणारी असल्याने ती या नोंदींत लवकर आली, आणि गावात ज्या नावाने ओळखत तेच लिहिले गेले. एका भावाने कुलकर्णी लावले, पुण्याला गेलेल्या दुसऱ्याने गावावरून नाव घेतले, अशा फांद्या याच काळात फुटल्या.

गंमत अशी की आडनाव पक्के होत होते तेव्हाच हुद्दा पोकळ होत होता. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूरपासून नवी मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, त्यावर ठरावीक आकार, म्हणजे सारा, आणि तीस वर्षांची हमी. कुठल्या थळाची हद्द कुठवर आणि त्यावर सारा किती, हे ज्ञान कुलकर्ण्याच्या दप्तरातून निघून सरकारी नकाशात आले. १८६० च्या दशकात देशमुख-देशपांड्यांची सेवा सरकारने सोडवून घेतली, कारण नव्या व्यवस्थेत परगण्याच्या हिशेबनिसाला कामच उरले नव्हते. गावच्या कुलकर्ण्याला मात्र ठेवले, कारण रोजचे लिखाण कोणीतरी करायला हवे होते. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने, ज्याला सारे वतन कायदा म्हणत, वतनाच्या वाटण्या, हस्तांतर आणि पाळी यांना चौकट दिली. वतन कुटुंबाबाहेर जाऊ द्यायला बंदी आली. १८८६ च्या दुरुस्तीने वारशात स्त्रियांना वतन कुटुंबातील पुरुषांच्या मागे ठेवले. नोंदीत मुलगी असूनही वतन चुलतभावाकडे गेलेले दिसते, ते यामुळे.

शेवटाची सुरुवात कोल्हापुरात झाली. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातली कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. काम वंशाने मिळणार नाही, लायकीने मिळेल, हा त्यातला मुद्दा होता, आणि ब्राह्मणेतर समाजातली शिकलेली मुले त्यामुळे गावच्या दप्तरापर्यंत पोचली. मुंबई इलाख्यातही त्या सुमारास अनेक कुलकर्ण्यांनी मोबदला घेऊन सेवेचा हक्क सोडला आणि तलाठी आले. उरलेसुरले वतन १९५० च्या मुंबई परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करण्याच्या कायद्याने गेले. तो १ मे १९५१ पासून लागू झाला. वतन जमीन सरकारजमा झाली, पण धारकाला ती फेरबहाल करून घेता येई. काम पाहणाऱ्याच्या मोबदल्यासाठी नेमलेल्या जमिनीला आकाराच्या बारा पट कब्जेहक्काची रक्कम होती, इतर वतन जमिनीला सहा पट. मुदत पाच वर्षांची. अशी फेरबहाल जमीन नव्या शर्तीची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, ठरली. पुढच्या पिढीने ती विकायला काढली की ‘भोगवटादार वर्ग २’ हा शेरा आडवा येतो, त्याचे मूळ इथे आहे. पाटलांचे महसुली पद यानंतर दशकभर टिकले. त्यांच्यासाठीचा कायदा १९६२ चा.

जमिनीशी नाते तुटायला आणखी दोन घाव पुरे झाले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि अनेक कुटुंबे शहरात आली ती परतली नाहीत. मग कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. ज्या कुळांचा हिशेब ठेवण्यावरून हे नाव पडले, तीच कुळे आता सातबाऱ्यावर मालक म्हणून आली. आज खेडेगावात ‘कुलकर्ण्यांचा वाडा’ म्हणून दाखवतात तो बहुधा रिकामा असतो, आणि आडनाव पुणे, मुंबई, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर, बंगळुरू आणि परदेशात पसरलेले आहे.

पसाऱ्याचा नकाशा जुन्या कारभाराचाच आहे. देश, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटक, म्हणजे बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट, कलबुर्गी, ही या आडनावाची खरी भूमी. कन्नडभाषक कुलकर्णी हे महाराष्ट्रातून गेलेले लोक असा समज चुकीचा आहे. हुद्दा तिथेही स्थानिकच होता. सुधा मूर्तींचे माहेरचे आडनाव कुलकर्णी आहे आणि त्यांचा जन्म शिग्गावचा. जुन्या म्हैसूर भागात मात्र याच कामाला शानभोग म्हणत, म्हणून दक्षिण कर्नाटकात आडनाव विरळ होत जाते. वऱ्हाडात आणि निजामाच्या मुलखात पटवारी हाही शब्द रूढ होता, आणि पटवारी हेही आडनाव झाले. कोकणात खोतीचा जोर, त्यामुळे तिथे खोत अधिक. जातीने पाहिले तर बहुसंख्य कुलकर्णी देशस्थ ब्राह्मण आहेत, पण सारस्वत, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि कर्नाटकात लिंगायत घराण्यांतही हे आडनाव आहे. आडनावावरून जात ठरवण्याची घाई इथे फसते.

जनगणना आडनावे मोजून प्रसिद्ध करत नाही. म्हणून संकेतस्थळांवर फिरणारे ‘इतके लाख कुलकर्णी’ हे आकडे जपूनच घ्यावेत. देशपांड्यांपेक्षा कुलकर्णी अधिक का, याचे उत्तर मात्र रचनेतच आहे. परगण्याला देशपांड्यांचे वतन एक, आणि त्याच परगण्यात गावे पाच-पन्नास. नावे इतकी दाट असल्याने मराठी चित्रसृष्टीत सोनाली कुलकर्णी नावाच्या दोन अभिनेत्री एकाच काळात काम करतात, आणि प्रेक्षक त्यांना चित्रपटांच्या नावांनी वेगळे ओळखतात.

आपले घराणे शोधू पाहणाऱ्याने आडनाव बाजूला ठेवून चार गोष्टी आधी लिहून काढाव्यात : वतनाचे गाव, गोत्र, वेदशाखा, कुलदैवत. गाव ठाऊक नसेल तर कुलदैवतावरून तालुक्याचा अंदाज येतो, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. मग तहसील कार्यालयातून गावाचे जुने फेरफार आणि सातबारे मागवावेत. १९५१ नंतरच्या दहा वर्षांत ‘कुलकर्णी वतन फेरबहाल’ असा फेरफार बहुधा सापडतो, आणि त्यात त्या वेळच्या सर्व तक्षिमदारांची नावे येतात. त्यामागे जायचे तर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातल्या वतन नोंदी, आणि त्याहीमागे पुण्याचे पेशवे दप्तर. तिथले कागद मोडीत आहेत, तेव्हा जाणकार वाचक सोबत हवा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात आणि तिथे कधीकधी बुजलेले मूळ उपनावही मिळते. सर्वाधिक घोटाळा दत्तकामुळे होतो. दत्तक मुलगा आपले गोत्र सोडून दत्तक घराचे गोत्र घेतो, आणि दोन पिढ्यांनी घरात त्याची आठवणही राहत नाही. वहीतले गोत्र आणि घरातले गोत्र जुळले नाही, तर वही चुकली असे म्हणण्याआधी त्या पिढीतला दत्तकपत्राचा कागद शोधावा.